निगेटिव्ह राखून ठेवणारं सॉफ्टवेअर : गिंप ३.०

शनिवार पेठेत माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाइकाला दिलेल्या प्रत्येक फोटोच्या मागे जांभळ्या शाईचा शिक्का असायचा. त्यात नंबर, आणि खाली एक ओळ : ‘निगेटिव्ह राखून ठेवली आहे.’ लहानपणी ते शिक्के मारायचं काम माझ्याकडे होतं. त्या ओळीत काय आहे हे मात्र कळायला चाळिशी उलटावी लागली.

आता मी कर्वेनगरला घरातूनच जुने फोटो दुरुस्त करून देते. तडे गेलेले, वाळवी लागलेले, फ्रेमच्या काचेला चिकटलेले, कुणीतरी मागून बॉलपेनने दाबून नाव लिहिल्यामुळे चेहऱ्यावर अक्षरं उमटलेले. बहुतेक फोटो गेलेल्या माणसांचे असतात, आणि वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले की घरचे लोक धावपळ करत येतात. मार्च २०२५ मध्ये गिंप या फुकट मिळणाऱ्या फोटो-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरची ३.० आवृत्ती आली, तेव्हापासून माझं सगळं काम तिच्यावर चालतं. ब्रश किती, फिल्टर किती, हे इथे लिहीत नाही. मला एकच गोष्ट तपासायची होती. आज दुरुस्त केलेला फोटो साठवून ठेवला आणि सहा महिन्यांनी कुणी बदल सांगितला, तर तेवढाच बदल करता येतो का?

हा प्रश्न माझ्या मनात २०१४ पासून आहे. सदाशिव पेठेतल्या एका काकूंना त्यांच्या सासूबाईंचा काळा-पांढरा फोटो रंगीत करून हवा होता. लुगडं कुठल्या रंगाचं, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘जांभळं घाला, जांभळा रंग त्यांना आवडायचा.’ मी जांभळं घातलं. तीन रात्री बसून काठ, चोळी, नथीतले मोती, कुंकू असं सगळं रंगवलं, जेपीजी केली, प्रिंट काढली, फ्रेम झाली, फोटो भिंतीवर लागला. वर्षश्राद्धाला वाईहून त्यांच्या नणंदबाई आल्या. फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘वहिनी, आईचं हे लुगडं जांभळं नव्हतं हो. हिरवं होतं, इरकली, लाल काठाचं. त्याचीच तर गोधडी शिवली होती माझ्या बाळंतपणात.’

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात. ‘ताई, फक्त रंग बदलून द्या ना.’

माझ्याकडे होती ती एक सपाट जेपीजी. लुगड्याचा जांभळा रंग हाताच्या सावलीत मिसळलेला, काठाचा रंग पदराच्या चुण्यांत उतरलेला. कुठे लुगडं संपतं आणि कुठे दंड सुरू होतो, हे त्या फाइलला माहीतच नव्हतं. तीन रात्रींचं काम मी पुन्हा पहिल्यापासून केलं. त्याचे पैसे घेतले नाहीत, कारण चूक माझी होती. रंग काकूंनी सांगितला होता, पण तो बदलण्याची वाट मी बंद केली होती.

वडिलांनी ती वाट कधीच बंद केली नसती. ते रिटचिंग निगेटिव्हवर करायचे. आधी कापसाने निगेटिव्हवर वार्निश फिरवायचं, म्हणजे त्यावर पेन्सिल धरते. डोळ्यांखालचं काळं, कपाळावरच्या आठ्या निगेटिव्हमध्ये फिक्या, पारदर्शक दिसतात. तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके भरले की प्रिंटवर ती जागा उजळ येते. मनासारखं झालं नाही तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा. पेन्सिल निघून जायची आणि खालची निगेटिव्ह जशीच्या तशी राहायची. प्रिंटवर मात्र एकदा शाईचा ठिपका दिला की दिला.

जेपीजी ही अशी हातात दिलेली प्रिंट आहे. १९९२ पासूनचं हे प्रमाण, आणि पाठवायला, दाखवायला, छापायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. पण चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही असा तपशील त्यातून टाकून द्यायचा, ही त्याची रीत. टाकलेलं परत येत नाही. उघडून, बदल करून पुन्हा जेपीजी केली की आणखी थोडं जातं. आणि त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले सुटे थर, नसतात. लुगडं, काठ, कुंकू, खालचं नाव, सगळं एकाच थरात वाळून बसतं.

गिंपचा मला सर्वांत आवडलेला गुण नवा नाही, २०१२ च्या २.८ आवृत्तीपासूनचा आहे. ‘सेव्ह’ म्हटलं की गिंप फक्त स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये साठवतं. जेपीजी हवी असेल तर ‘एक्स्पोर्ट’ हा वेगळा हुकूम द्यावा लागतो. ‘साधी जेपीजी सेव्ह करायलाही आडवाट?’ अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकते. मला ती आडवाट फार मोलाची वाटते. जेपीजी काढली आणि एक्ससीएफ साठवायची राहिली, तर चित्र बंद करताना गिंप थांबवतं आणि सांगतं की एक्स्पोर्ट झालंय, पण बदल साठवलेले नाहीत. २०१४ साली मला असं कुणी थांबवायला हवं होतं. एक्ससीएफ हे नाव बर्कलीच्या विद्यापीठातल्या ‘एक्सपरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी’ या विद्यार्थ्यांच्या संगणक मंडळावरून आलं आहे. स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी तिथे गिंप लिहायला घेतलं.

३.० मध्ये खरी भर पडली ती फिल्टरांत. पूर्वी लेयर वेगळे राहायचे, पण कर्व्ह्ज (उजेड-गडदपणा बदलणारा) किंवा ब्लर (धूसर करणारा) असा फिल्टर लावला की तो त्या लेयरमध्ये मुरून जायचा. आता बहुतेक फिल्टर लेयरला नुसते जोडलेले राहतात. लेयरच्या नावाशेजारी ‘एफएक्स’ अशी खूण दिसते. तिच्यावर क्लिक केलं की लावलेल्या फिल्टरांची यादी उघडते. कुठलाही फिल्टर शेजारच्या खुणेचा डोळा मिटून बंद करा, क्रम बदला, आकडे बदला, काढून टाका. आणि एक्ससीएफ साठवून, संगणक बंद करून, महिन्याने उघडलं तरी ती यादी तिथेच असते.

याचा कस लागला तो एका पुराच्या फोटोवर.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या फोटोंत त्या पाण्याची खूण मी आता लांबून ओळखते. तपकिरी, खालून वर चढलेली, वरच्या बाजूला एक गडद रेघ. गेल्या पावसाळ्यात एक काका असा फोटो घेऊन आले. नारायण पेठेतल्या वाड्याच्या चौकात काढलेला लग्नाचा ग्रुप फोटो, सहा बाय आठ इंचांचा. पुरानंतर घरचे गोखलेनगरला गेले आणि चिखलातून वाचलेल्या ट्रंकेबरोबर हाही गेला. खालचा तिसरा हिस्सा गाळाने रंगलेला. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या पोरांची तोंडं त्या पट्ट्यात अडकलेली. शिवाय मधोमध घडीची चीर.

काळा-पांढरा फोटो असला तरी मी स्कॅन नेहमी रंगीत करते, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). म्हणजे ३६०० बाय ४८०० पिक्सेल, जवळजवळ पावणेदोन कोटी ठिपके. रंगीत स्कॅनचं कारण डाग. तपकिरी-पिवळा डाग निळा प्रकाश जास्त शोषतो आणि लाल कमी, त्यामुळे लाल चॅनेलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या लाल, हिरव्या, निळ्या भागांपैकी नुसत्या लाल भागात, तो सर्वांत फिका दिसतो. डागाखालचे पोरांचे डोळे मला तिथेच पहिल्यांदा दिसले.

कामाचा क्रम मी असा ठेवला. सर्वांत खाली मूळ स्कॅन, कुलूप लावून. त्यावर त्याचीच एक प्रत, बारीक ओरखडे हील टूलने (आजूबाजूच्या भागाशी मिळवून घेत डाग भरणाऱ्या हत्याराने) भरायला. त्यावर एक रिकामा पारदर्शक लेयर. क्लोन टूलच्या (एका जागचे ठिपके दुसरीकडे उतरवणाऱ्या हत्याराच्या) पर्यायांत ‘सॅम्पल मर्ज्ड’ला टिक केली की खालच्या चित्रातून उचललेले ठिपके या रिकाम्या लेयरवर पडतात, त्यामुळे मधली चीर मी खालच्या चित्राला हात न लावता भरली. एखादा ठिगळ खटकला तर तेवढाच खोडरबरने पुसायचा. मग हे सगळे लेयर एका ग्रुपमध्ये घालून, अख्ख्या ग्रुपला वरून मोनो मिक्सर हा रंगीत चित्र काळं-पांढरं करणारा फिल्टर लावला : लाल पूर्ण, हिरवा आणि निळा शून्य. डाग एका झटक्यात पाऊण गेला. उरलेल्या पट्ट्यासाठी तेवढाच भाग सिलेक्ट करून कर्व्ह्ज. खाली मजकूर टाकला : ‘शके १८७१, सन १९४९’. काका खूश झाले, प्रिंट घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या थोरल्या बहिणीचा मला थेट फोन. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. ‘अहो बाई, शके बरोबर आहे, पण लग्न फाल्गुनातलं. म्हणजे इंग्रजी साल पन्नास लागलं होतं. एकोणपन्नास कसं लिहिलंत?’ बरोबर होतं त्यांचं. शके १८७१ चा फाल्गुन १९५० मध्येच येतो. मी फाइल उघडली, टेक्स्ट टूलने ९ आणि ४ खोडून ५ आणि ० लिहिले, एक्स्पोर्ट केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

इथे मजकुराबद्दल थोडं सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्यांना हे नडतं. एक्ससीएफमध्ये टेक्स्ट लेयर अक्षरं म्हणूनच साठतो. पण उघडताना त्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर दुसराच फॉन्ट लागतो आणि सगळी मांडणी हलते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांचे हाल तर आणखी वाईट. फॉन्ट गेला की ‘कै. गंगाबाई’च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मी आता फक्त युनिकोड फॉन्ट वापरते. मुक्ता, किंवा नावाला थोडा जुन्या छपाईचा भारदस्तपणा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. दोन्ही फुकट मिळतात, आणि फॉन्टची फाइल मी त्या फोटोच्या फोल्डरमध्येच ठेवून देते.

पुराच्या फोटोचं काम तिथे संपलं नाही. दिवाळीत काकांची नात आली. आर्किटेक्चर शिकते. तिने मूळ फोटो आणि माझी प्रिंट शेजारी शेजारी धरली आणि म्हणाली, ‘मावशी, चीर गेली ते छान झालं. पण पुराची रेघ का काढली? आमच्या घरात पानशेतचं एवढंच उरलंय.’

मी तिच्यासमोरच फाइल उघडली. ग्रुपच्या एफएक्सवर क्लिक करून मोनो मिक्सरचा डोळा मिटला, कर्व्ह्जचाही मिटला. तपकिरी पाणी परत चढलं. पण चीर भरलेलीच राहिली, ओरखडे गेलेलेच राहिले, कारण ते काम खालच्या रंगीत चित्रावर केलेलं होतं. तिला पोरांचे चेहरेही थोडे दिसायला हवे होते, म्हणून कर्व्ह्ज परत लावला आणि त्याची ओपॅसिटी (प्रभाव) कमी करत करत ती ‘बास’ म्हणेपर्यंत आणली. तिने ती प्रिंट नेली. काकांकडे स्वच्छ फोटो आहे, तिच्याकडे पुराचा. दोन्ही एकाच फाइलमधून निघाले.

माझ्या कामात बदल हे असेच येतात, सावकाश, एकेका नातेवाइकाकडून. कुणाला रंग आठवतो, कुणाला तिथी. फोटो भिंतीवर लागल्याशिवाय त्यांना ते आठवतही नाही. म्हणून फिल्टर किती सुंदर यापेक्षा तो नंतर सोडवता येतो का, हे मी आधी बघते.

आता अडचणी. मोठी गैरसमजूत ही की एक्ससीएफमध्ये सगळं साठतं. तसं नाही. अनडूची यादी साठत नाही. फाइल बंद केली की ‘मागे जा’ संपलं, उरतं ते लेयर, मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) आणि फिल्टरांत ठेवलेलं. हील टूलने प्रतीवर केलेलं काम त्या लेयरमध्ये पक्कं होतं, म्हणून मूळ स्कॅनला कुलूप. काही जुने प्लग-इन अजूनही लेयरमध्ये मुरतात. फिल्टरच्या खिडकीत ‘मर्ज फिल्टर’ असा एक चौकोन असतो, तिथे टिक राहिली तर आपला फिल्टरही मुरतो. मी ओके म्हणण्याआधी तो चौकोन दर वेळी बघते.

सिलेक्शन करून लावलेला फिल्टर तेवढ्या भागालाच बांधला जातो, आणि ३.० मध्ये नंतर तो भाग ब्रशने वाढवता-कमी करता येत नाही. पुराच्या पट्ट्यात एका मुलाचं कोपर बाहेर राहिलं होतं. कर्व्ह्ज काढून पुन्हा लावावा लागला. सिलेक्शन चॅनेल म्हणून साठवून ठेवलं होतं, म्हणून निदान पुन्हा आखावं लागलं नाही. फोटोशॉपमधले अ‍ॅडजस्टमेंट लेयर त्यांच्या मास्कसकट यात अजून पुढे आहेत, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी पीएसडीत (फोटोशॉपच्या स्वतःच्या फाइलमध्ये) साठवावं, काहीच बिघडत नाही. मला दरमहा भाडं भरून काम करायचं नव्हतं. माझ्या फायली माझ्याकडे भाड्याशिवाय उघडल्या पाहिजेत, हा माझा हट्ट आहे.

फिल्टर जोडलेली ३.० ची एक्ससीएफ जुन्या २.१० मध्ये उघडत नाही. आणि पीएसडी करून दिली तर लेयर जातात, पण गिंपचे फिल्टर फिल्टर म्हणून राहत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या कुणाबरोबर काम वाटून घ्यायचं असेल तर आवृत्ती आधी विचारून घ्या.

कॅमेऱ्यातले रॉ (कच्चे, प्रक्रिया न झालेले) फोटो नुसते उजळ-गडद करायचे असतील, तर गिंपपेक्षा डार्कटेबल हे सॉफ्टवेअर बरं. ते मूळ फाइलला स्पर्शच करत नाही, केलेल्या बदलांची यादी शेजारी छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं. पण चीर भरणं, रंग चढवणं हे त्याचं काम नाही.

जागा मात्र लागते. वर सांगितलेल्या मापाचा एक पूर्ण लेयर सोळा बिटमध्ये मेमरीत शंभर एमबीच्या वर जातो. पुराच्या फोटोची माझी एक्ससीएफ ३८० एमबीची आहे, तिच्यातून निघालेली जेपीजी नऊ एमबीची. साठवताना जास्त दाबून साठवण्याचा पर्याय आहे. वेळ थोडा जास्त घेतो, मी तो लावते. आठ जीबी रॅमच्या माझ्या जुन्या संगणकावर ग्रुपला तीन फिल्टर लागले की ब्रश मागे पडायचा. तेव्हा ब्रशचं काम होईपर्यंत फिल्टरांचे डोळे मिटून ठेवायचे आणि शेवटी उघडायचे, ही युक्ती चालली. नंतर रॅम वाढवून घेतली.

प्रत्येक कामाच्या शेवटी मी गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर मूळ स्कॅनची टिफ (तपशील न टाकता साठवलेली फाइल), एक्ससीएफ, जेपीजी आणि फॉन्ट असं सगळं देते. काही जण म्हणतात, आम्हाला व्हॉट्सॅपवर पाठवा, बास. जेपीजी पाठवते, पण डॉक्युमेंट म्हणून, कारण साधा फोटो म्हणून पाठवला तर तिथे तो आणखी दाबला जातो. एक्ससीएफ त्यांनी नेली नाही तरी माझ्याकडच्या दोन हार्डडिस्कवर असते, नंबर घालून. वडिलांच्या पाकिटांवर होते तसेच नंबर.

लुगड्याच्या फोटोचंही सांगते. यंदा काकूंना मोठी प्रिंट हवी होती. जुनी जेपीजी ओढून मोठी करायला माझं मन घेईना, म्हणून मूळ फोटो पुन्हा मागवून स्कॅन केला आणि या वेळी सगळं सुट्टं ठेवलं. काळा-पांढरा फोटो खाली, वर लुगड्याचा लेयर ‘एचएसएल कलर’ मोडमध्ये (म्हणजे खालच्या उजेड-सावलीवर नुसता रंग चढतो), काठाचा वेगळा, कुंकवाचा वेगळा, प्रत्येकाला मास्क. हिरवं इरकली, काठ लाल. काकू शेजारच्या खुर्चीत बसून बघत होत्या. झाल्यावर थोडं थांबून म्हणाल्या, ‘ताई, एकदा जांभळं करून दाखवता?’ मी लुगड्याच्या लेयरची प्रत काढली, तिला जांभळा रंग दिला, हिरव्याचा डोळा मिटला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. सासूबाईंनी शेवटच्या दिवाळीला त्यांच्याकडे जांभळं लुगडं मागितलं होतं, ते आणायचं राहून गेलं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

दोन प्रिंट काढल्या. हिरवी मोठी, बाहेरच्या खोलीसाठी. जांभळी पोस्टकार्डाएवढी, त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावायला.